सत्तरीनंतरचे आयुष्मान कार्ड : नोंदणी कोणाला करता येते आणि कुठे अडते

वयाची सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, केंद्र सरकारच्या आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत नोंदणी करता येते आणि त्या नोंदणीवर वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयातील उपचार विनामूल्य मिळतात. या नोंदणीनंतर मिळणाऱ्या कार्डाला आयुष्मान वय वंदना कार्ड असे नाव आहे. नियम इतका सरळ असूनही नाशिक शहरातल्या आणि जिल्ह्यातल्या अनेक ज्येष्ठांच्या घरी याबद्दल संभ्रम आढळतो. "आमचे रेशनकार्ड पांढरे आहे", "मला पेन्शन आहे", "मुलाने मेडिक्लेम काढलेला आहे" अशा कारणांनी आपण अपात्र आहोत असे समजून कित्येक जण नोंदणीच्या वाटेलाच जात नाहीत. यांपैकी एकही कारण नोंदणी नाकारायला पुरेसे नाही. खरी अडचण बहुतेक वेळा आधार कार्डावरची जन्मतारीख, त्याला जोडलेला मोबाइल क्रमांक आणि बोटांचे ठसे या तीन ठिकाणी येते.

हा संभ्रम निर्माण होण्याला योजनेचा इतिहासही कारणीभूत आहे. मूळ योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली, तेव्हा ती फक्त यादीतल्या कुटुंबांसाठी होती. २०११ च्या सामाजिक, आर्थिक आणि जातनिहाय जनगणनेवरून पात्र कुटुंबांची यादी तयार झाली होती; त्या यादीत नाव असेल तर कार्ड, नसेल तर नाही, असा तो मामला होता. आपले नाव यादीत घाला असा अर्ज करण्याची सोय सामान्य माणसाला नव्हती. त्या काळात सेवा केंद्रावर जाऊन "नाव नाही" असे उत्तर ऐकून परतलेल्या माणसाला ही योजना आपली नव्हे असे वाटले, तर त्यात नवल नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने ११ सप्टेंबर २०२४ रोजी सत्तर वर्षे आणि त्यावरील सर्वांना योजनेत घेण्याचा निर्णय केला आणि २९ ऑक्टोबर २०२४ रोजी, धन्वंतरी जयंतीच्या दिवशी, तो अमलात आला. या वयोगटासाठी यादी, उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिकेचा रंग यांपैकी काहीही पाहिले जात नाही. तेव्हा पूर्वी नकार मिळालेल्या माणसाने आता पुन्हा जाणे हाच यातला शहाणपणा आहे.

वय पाहिले जाते ते मात्र केवळ आधार कार्डावरून. शाळा सोडल्याचा दाखला, निवडणूक ओळखपत्र, पेन्शनचे पुस्तक यांवर काहीही लिहिलेले असले तरी नोंदणीच्या वेळी त्याचा उपयोग होत नाही. आधारवर जी तारीख आहे, त्या तारखेने सत्तर पूर्ण झाली पाहिजेत. इथे महाराष्ट्रातली एक जुनी सवय आडवी येते. शाळेत नाव घालताना गुरुजींनी मुलाची जन्मतारीख १ जून अशी टाकून देणे हा त्या पिढीतला सर्रास प्रकार होता आणि वर्षही पुष्कळदा अंदाजानेच लिहिले जाई. निफाड, येवला, सिन्नर किंवा पेठ तालुक्यातल्या कोणत्याही गावात ज्येष्ठांची आधार कार्डे गोळा केली, तर निम्मे गाव एकाच दिवशी जन्मले की काय अशी शंका यावी, इतक्या १ जूनच्या तारखा सापडतील. समजा एखाद्या आजोबांचा जन्म प्रत्यक्षात १९५५ च्या दिवाळीतला आहे, पण शाळेमुळे आधारवर १ जून १९५८ आले आहे, तर योजनेच्या दृष्टीने त्यांची सत्तरी १ जून २०२८ रोजीच पूर्ण होईल. घरातल्या सर्वांना खरे वय माहीत असले तरी संगणकाला ते पटवून देता येत नाही.

याच्या उलट, ज्यांच्या आधारवर दिवस आणि महिना नाही, फक्त जन्मवर्ष छापलेले आहे, त्यांना थोडा फायदाच होतो, कारण अशा वेळी त्या वर्षाची १ जानेवारी हीच जन्मतारीख धरली जाते. म्हणजे नुसते १९५६ असे लिहिलेले असेल, तर १ जानेवारी २०२६ पासून ती व्यक्ती पात्र ठरते. आधारवरची तारीख चुकीची असेल आणि तसा पुरावा हाती असेल तर ती दुरुस्त करून घेता येते, परंतु जन्मतारखेतला बदल सर्वसाधारणपणे एकदाच करता येतो. म्हणून घाईने, अर्धवट कागदावर तो बदल करून ती एकमेव संधी घालवू नये. आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिणे भाग आहे. कार्ड लवकर मिळावे म्हणून खोटा पुरावा देऊन वय वाढवून देणारे लोक भेटतात. त्यांच्या नादी लागल्यास पुढे पेन्शन, बँक आणि विमा या सगळ्या ठिकाणच्या तारखा एकमेकींशी जुळेनाशा होतात आणि ते निस्तरणे उपचारापेक्षा महाग पडते.

तारखेनंतरचा दुसरा अडथळा म्हणजे ओळख पटवणे. नोंदणीसाठी आधारवर आधारित ई-केवायसी सक्तीची आहे आणि ती चार प्रकारे होते: मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने, बोटाच्या ठशाने, डोळ्याच्या बुबुळाने किंवा चेहऱ्याने. देशातले पहिले आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नाशिक विभागातल्या, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. त्या सुरुवातीच्या वर्षांत काढलेली आधार कार्डे या भागात आजही पुष्कळ ज्येष्ठ वापरतात. त्या वेळी दिलेला मोबाइल क्रमांक केव्हाच बंद पडलेला असतो किंवा तो दिलेलाच नसतो. मग ओटीपी कोणत्या तरी भलत्याच फोनवर जातो आणि केंद्रावरचा मुलगा ठशाचे यंत्र पुढे करतो.

पन्नास वर्षे द्राक्षबागेत छाटणी केलेल्या किंवा कांद्याची प्रतवारी केलेल्या हाताचा ठसा त्या यंत्रावर सहजासहजी उमटत नाही. आजी अंगठा ठेवतात, काचेखालचा लाल दिवा लागतो, पडद्यावर ठसा जुळला नाही असे येते. अंगठा पदराला पुसून पुन्हा ठेवला जातो, मग तर्जनी, मग मधले बोट, आणि रांगेतली माणसे चुळबुळ करू लागतात. अशा वेळी पुढचे बोट मागायच्या आधी चेहऱ्याने ओळख पटवण्याचा पर्याय निवडायला सांगावे. त्यात मोबाइलचा कॅमेरा चेहऱ्यासमोर धरून डोळ्यांची उघडझाप करावी लागते आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाचीही नोंदणी घरच्या घरी होऊ शकते. फक्त उजेड पुरेसा असावा आणि आधारवरचा फोटो फारच जुना असल्यास चेहराही जुळत नाही, हे लक्षात ठेवावे. त्यापेक्षा आधी आधार केंद्रावर जाऊन घरातल्या कोणाचा तरी कायम चालू असलेला क्रमांक जोडून घेणे आणि त्याच फेरीत फोटो व ठसे नव्याने देणे हा सर्वांत बिनघोर मार्ग आहे. मोबाइल क्रमांक जोडायला कोणताही कागद लागत नाही. त्यासाठी सरकारने ठरवलेले शुल्क तेवढे द्यावे लागते.

एवढे झाले की प्रत्यक्ष नोंदणी हे काम फार मोठे राहत नाही. आयुष्मान अॅप मोबाइलवर घेऊन किंवा राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाच्या लाभार्थी संकेतस्थळावर जाऊन, लाभार्थी म्हणून मोबाइल क्रमांकाने आत शिरावे. तिथे सत्तर वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या नोंदणीसाठी वेगळा दुवा दिलेला आहे आणि तोच निवडावा, कारण नेहमीच्या यादीत नाव शोधत बसल्यास ते सापडणार नाही. आधार क्रमांक टाकल्यावर संमती द्यायची, ओळख पटवायची, फोटो काढायचा, पत्ता, पिनकोड व कुटुंबातील व्यक्तींची माहिती भरायची आणि आपण दुसऱ्या कोणत्या सरकारी आरोग्य योजनेचा लाभ घेत आहोत का, याचे उत्तर द्यायचे. त्या शेवटच्या प्रश्नाबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे, कारण तो घाईने टिचकी मारण्यासारखा नाही. माहिती मंजूर झाली की कार्ड उतरवून घेता येते. ज्यांना मोबाइलवर हे जमत नाही त्यांनी आपले सरकार सेवा केंद्रात, सामायिक सुविधा केंद्रात किंवा योजनेतल्या रुग्णालयात जावे आणि सोबत आधार व त्याला जोडलेला फोन न्यावा. क्रमांक मुलाचा असेल आणि मुलगा पुण्याला असेल, तर त्याला निदान त्या वेळी फोन जवळ ठेवायला सांगावे. नोंदणी निःशुल्क आहे. घरी फोन करून "तुमचे कार्ड मंजूर झाले, ओटीपी सांगा" असे म्हणणाऱ्याला ओटीपी सांगू नये.

ज्यांच्याकडे कुटुंबाच्या यादीतून मिळालेले जुने आयुष्मान कार्ड आहे, त्यांनाही सत्तरी पूर्ण झाल्यावर पुन्हा अर्ज करून ई-केवायसी करावी लागते. जुने कार्ड आपोआप वय वंदना कार्डात बदलत नाही. हा खटाटोप अनेकांना निरर्थक वाटतो, पण त्यामागे पैशाचा हिशेब आहे. जे कुटुंब आधीपासून आयुष्मान योजनेत आहे, त्याच्या पाच लाखांत घरातले लहानथोर सगळे येतात. सुनेचे बाळंतपण गुंतागुंतीचे झाले, नातवाचा अपघात झाला, तर त्याच रकमेतून खर्च होतो. नवी नोंदणी केल्यावर मात्र त्या घरातल्या सत्तरीपुढच्या व्यक्तीला आणखी पाच लाख रुपयांपर्यंतचे स्वतंत्र संरक्षण मिळते आणि ते सत्तरीखालच्या कोणाशीही वाटून घ्यावे लागत नाही. जे कुटुंब आधी योजनेत नव्हते, त्यातल्या ज्येष्ठालाही पाच लाखच मिळतात. दोन्ही बाबतीत एक मर्यादा आहे. एकाच घरात आजी आणि आजोबा दोघेही सत्तरीपुढचे असले, तर दोघांना मिळून पाच लाख, प्रत्येकी पाच नव्हे. कार्ड मात्र दोघांचे वेगवेगळे काढावे लागते. आजोबा चौऱ्याहत्तरचे आणि आजी सहासष्टच्या असतील, तर आजोबांच्या कार्डावर आजींचा उपचार होणार नाही. त्यांना चार वर्षे थांबावे लागेल किंवा राज्याच्या योजनेकडे जावे लागेल.

आता त्या प्रश्नाकडे वळू. केंद्र सरकारी आरोग्य योजना म्हणजे सीजीएचएस, माजी सैनिकांची ईसीएचएस आणि केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांची आयुष्मान सीएपीएफ, अशा सरकारी योजनांचा लाभ घेणाऱ्या ज्येष्ठांना दोन्हीकडे राहता येत नाही. आपली चालू योजना ठेवायची की ती सोडून आयुष्मानमध्ये यायचे, हा पर्याय त्यांना एकदाच मिळतो. नाशिकमध्ये हा प्रश्न किरकोळ नाही. देवळाली कॅम्प परिसरात निवृत्त सैनिकांची कितीतरी घरे आहेत आणि ईसीएचएसचे पॉलिक्लिनिकही तिथे आहे. अशा घरात कोणी उत्साहाने आजोबांची आयुष्मान नोंदणी करायला बसले आणि जुनी योजना सोडत असल्याच्या रकान्यावर खूण करून मोकळे झाले, तर नुकसान मोठे होईल. ईसीएचएसमध्ये बाह्यरुग्ण तपासणी आणि रोजची औषधे मिळतात आणि उपचारखर्चाला अशी वार्षिक मर्यादा नाही. आयुष्मानमध्ये रक्तदाब-मधुमेहाच्या दरमहाच्या गोळ्या मिळत नाहीत आणि पाच लाखांवर हात टेकावे लागतात. माझ्या मते ज्यांची ईसीएचएस किंवा सीजीएचएस सुरळीत चालू आहे, त्यांनी ती सोडण्याचे कारण नाही. ओझरच्या विमान कारखान्यातून किंवा नाशिकरोडच्या नोटप्रेसमधून निवृत्त झालेल्यांनी आपापल्या आस्थापनेची निवृत्तांसाठीची वैद्यकीय सोय कोणत्या प्रकारची आहे, हे तिथल्या कार्यालयात विचारूनच तो रकाना भरावा.

खासगी विमा आणि कामगार राज्य विमा योजना यांच्याबाबत मात्र अशी निवड करावी लागत नाही. सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात आयुष्य घालवलेले जे कामगार निवृत्तीनंतरही वर्षाला एकशे वीस रुपये भरून ईएसआयची वैद्यकीय सेवा चालू ठेवतात, त्यांना वय वंदना कार्डही काढता येते. खासगी मेडिक्लेमवाल्यांनाही तेच लागू आहे. यावर पुढचा प्रश्न हमखास येतो, की मग मेडिक्लेमचा हप्ता कशाला भरायचा? या वयात हप्ता खरोखरच जड असतो, हे मान्य. तरीही कार्ड मिळाले म्हणून पॉलिसी सोडण्याआधी आपले नेहमीचे डॉक्टर ज्या रुग्णालयात आहेत ते आयुष्मान योजनेत आहे का, हे पाहावे. ते नसेल तर कार्डाचा तिथे उपयोग शून्य. शिवाय एकदा सोडलेली पॉलिसी पुन्हा घ्यायची झाली, तर वयाची अट आता राहिलेली नसली तरी जुन्या आजारांसाठीची प्रतीक्षा तीन वर्षांपर्यंत नव्याने मोजली जाऊ शकते. वय वंदना कार्डाला तशी प्रतीक्षा अजिबात नाही. आधीपासूनचा हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार, कर्करोग यांवरील योजनेत बसणारे उपचार नोंदणीच्या दिवसापासून मिळतात, आणि सरकारी योजनांत हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो.

सत्तरीच्या आतल्या ज्येष्ठांसाठी राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ती सुरू झाली, २०१७ मध्ये तिचे नाव बदलले आणि १ एप्रिल २०२० पासून ती आयुष्मान भारतशी जोडून एकत्र राबवली जाऊ लागली. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकांपुरती असलेली ही योजना जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने पांढऱ्या शिधापत्रिकेसह राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी खुली झाली आणि संरक्षणही दीड लाखावरून पाच लाखांवर गेले. तिथे वयाची अट नाही; शिधापत्रिका आणि फोटो असलेले ओळखपत्र हा तिचा आधार आहे, आणि शिधापत्रिकेवर आजी-आजोबांचे नाव आहे का, हे तपासून ठेवावे. विभक्त झालेल्या मुलांच्या कार्डावरून म्हाताऱ्यांची नावे कमी झालेली असतात आणि ती दुसऱ्या कोणत्याच कार्डावर चढलेली नसतात, हे प्रत्यक्षात रुग्णालयाच्या खिडकीवरच कळते.

कार्ड हाती असले तरी ते चालते फक्त अंगीकृत रुग्णालयात, म्हणजे योजनेशी करार केलेल्या सरकारी किंवा खासगी रुग्णालयात, आणि तेही दाखल होऊन घ्यायच्या किंवा डायलिसिस, केमोथेरपीसारख्या एका दिवसाच्या ठरलेल्या उपचारांसाठी. दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस यांतला तपासण्या व औषधांचा खर्च त्यात धरलेला असतो. काही शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयांसाठीच राखीव आहेत, त्यामुळे रुग्णालय योजनेत असले तरी हवी ती शस्त्रक्रिया तिथे योजनेतून होतेच असे नाही. विचारताना नेमक्या आजाराचे नाव घेऊन विचारावे. अशा रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. दाखल होताना त्याच्याकडे कार्ड द्यायचे, तो रुग्णालयामार्फत उपचारांची पूर्वमान्यता मागवतो आणि बिल परस्पर भागवले जाते. आधी आपल्या खिशातून पैसे भरून नंतर पावत्या सादर करण्याची पद्धत या योजनेत नाही, म्हणून भरतीच्या पहिल्याच तासात कार्ड पुढे करणे आवश्यक आहे. "आधी अनामत भरा, नंतर परत मिळेल" असे कोणी म्हणाले तर आरोग्यमित्राला गाठावे, आणि तिथे दाद लागली नाही तर केंद्राच्या १४५५५ किंवा राज्याच्या १५५३८८ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

नावांच्या सारखेपणामुळे होणारी एक गफलतही इथेच दूर केलेली बरी. प्रधानमंत्री वय वंदना योजना ही आयुर्विमा महामंडळाची निवृत्तिवेतनाची योजना होती आणि ३१ मार्च २०२३ नंतर तिच्यात नवी गुंतवणूक घेणे बंद झाले. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना पासष्ट वर्षांपुढच्या, उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना चष्मा, श्रवणयंत्र यांसारख्या साधनांसाठी एकदा तीन हजार रुपये देते. या दोन्हींचा आरोग्य विम्याशी संबंध नाही आणि त्यांचा अर्ज केला म्हणून आयुष्मानची नोंदणी झाली असे होत नाही.

नोंदणीला अंतिम मुदत नाही. ती वर्षभर चालू असते आणि सत्तरी ज्या दिवशी पूर्ण होईल त्या दिवसापासून करता येते. कार्ड नसताना अचानक दाखल व्हायची वेळ आली, तर अंगीकृत रुग्णालयातही नोंदणी होऊ शकते, पण तेव्हा रुग्ण अतिदक्षता विभागात असतो, त्याच्या बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावलेला असतो, चेहऱ्यावर मुखवटा असतो आणि आधारला जोडलेला फोन सुरगाण्याच्या घरी राहिलेला असतो. कार्ड निघाल्यावर त्याची एक छापील प्रत फाइलला लावावी आणि दुसरी मुलाच्या किंवा मुलीच्या मोबाइलमध्ये ठेवावी. योजना लागू असलेल्या दुसऱ्या राज्यातल्या अंगीकृत रुग्णालयातही हे कार्ड चालते, त्यामुळे मुलाकडे सुरतला राहायला जाणाऱ्या आजी-आजोबांनी ते सामानात घ्यावे आणि तिथे पोचल्यावर जवळचे अंगीकृत रुग्णालय कोणते, हे १४५५५ वर विचारून घ्यावे.